गोल कोपऱ्यांना सागवानी स्कर्टिंग, पूर आला तर काढता येईल असं (प्रकल्प नोंदी)

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

घर सांगलीत, गावभागात, तळमजला. २०१९ च्या ऑगस्टात पाणी आत आलं तेव्हा जुनं एमडीएफचं (दाबलेल्या भुशाच्या फळीचं) स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, भिजवलेल्या पोह्यागत फुगलं, हातानं ओढलं की लगदा. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा भिंतीला स्कर्टिंग नव्हतंच. तेव्हापासून फरशी आणि भिंतीतली फट उघडीच आहे, पोचा मारून मारून खालचा वीतभर रंग काळा पडलाय आणि त्या फटीतनं मुंग्यांचा राबता चालू असतो.

अडचण अशी की बाहेर येणारे सातही कोपरे गोल आहेत. आजोबांच्या काळातल्या गवंड्यानं हातानं गोल मारलेत, पोत्यांनी न् पाट्यांनी धार उडू नये म्हणून, त्यामुळं एकाची गोलाई दुसऱ्यासारखी नाही. व्हिडिओत दाखवतात ते सगळे कोपरे साच्यातनं काढल्यासारखे एकसारखे, आपल्या कामाचे नाहीत.

माझ्या अटी दोनच. लाकूड पाहिजे, आणि काढता आलं पाहिजे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी, ४० च्या बातम्या लागल्या की आमच्या गल्लीत सामान माडीवर चढायला लागतं, तेव्हा स्कर्टिंगपण स्क्रू काढून वर गेलं पाहिजे. म्हणजे भिंतीला चिकटवायचं नाही, खिळे मारायचे नाहीत, आणि कोपरा एक अख्खा नग म्हणून निघाला पाहिजे. आई म्हणाली, "पाणी यायच्या टायमाला तू फ्रिज उचलणार का पट्ट्या खोलत बसणार?" प्रश्न बरोबर आहे, बघू.

९ फेब्रुवारी

माडीचं कौलारू छप्पर उतरवलं तेव्हाचे सागाचे वासे ठेवले होते, लाकूड फुकटातलं. फुकटातलं म्हणजे काय ते पुढं कळेलच. जुना साग आहे, जे काय वाकायचं-आक्रसायचं ते पन्नास वर्षांत झालेलं, म्हणून पट्टी फारसा पीळ खाणार नाही असा अंदाज.

दिवसभर खिळे उपटले. जुने चौकोनी खिळे डोकं तुटून आत राहतात आणि वरनं दिसत नाहीत. स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून वाशावरनं फिरवायचं, जिथं ओढ घेईल तिथं खडूची खूण आणि मग पटाशीनं उकरायचं.

१० फेब्रुवारी

टिंबर एरियात वासे चिरून आणले. पट्टी ७५ मिमी उंच, १२ मिमी जाड, रंधा मारून. चिराई-रंधाई २,६०० रुपये, टेम्पो ४००. एवढं करून एक खिळा राहिलाच होता, करवतीचे दात गेले, त्याचे ६०० वेगळे. चुंबक वाशाच्या चारी बाजूंनी फिरवा, वरनं एकदा फिरवून भागत नाही, खोल गेलेला खिळा एका बाजूनं पत्ता लागू देत नाही.

पट्टीला नक्षी अजिबात ठेवली नाही, नुसती सपाट. गोल कोपऱ्याला नक्षीची पट्टी लावायची म्हणजे प्रत्येक सांध्यावर प्रत्येक रेघ जुळवायची, तेवढी हौस मला नाही.

१५ फेब्रुवारी

सुतारमामा येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं, "सरळ पंचेचाळीसात काप आणि मागं लांबी (पुट्टी) भर, कोण वाकून बघतंय." एका कोपऱ्यावर टाकाऊ तुकड्यांनी तसं करून बघितलं. समोरनं झकास दिसतं. वरनं बघितलं की पट्टीच्या टोकात आणि भिंतीच्या गोलाईत तिकोनी भोक, करंगळी जाईल एवढं. लांबी भरली तर सुकून तडकणार, आणि पट्टी काढताना सगळी निघणार. मामांचं जमणार नाही.

मग भोकाचंच माप घेतलं आणि त्यातनं पुढचं सगळं सुटलं. कोपऱ्यावर गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) असा धरायचा की दोन्ही पाती दोन्ही भिंतींना टेकतील. गुण्याच्या आतल्या कोपऱ्यापासून प्लास्टरपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला २.४ नं गुणायचं, आली त्रिज्या. माझ्या पहिल्या कोपऱ्याला अंतर १० मिमी, म्हणजे त्रिज्या २४. पण भिंत काटकोनात असेल तरच हे खरं.

१६ फेब्रुवारी

गुण्याचं गणित बरोबर आहे पण प्लास्टर खडबडीत, एक मिमी चुकलं की त्रिज्येत अडीचचा फरक पडतोय. त्यापेक्षा पक्की युक्ती दाजींच्या शेतात मिळाली. तासगावकडं त्यांची द्राक्षबाग आहे, सध्या माल उतरवायची गडबड, त्यामुळं दाजी बोलले दोनच वाक्यं पण पायपाचे तुकडे भरपूर दिले. शेतातल्या पीव्हीसी पायपावर जो आकडा असतो तो बाहेरचा व्यास असतो. ४० चा पाईप म्हणजे २० ची त्रिज्या, ५० चा म्हणजे २५, ६३ चा म्हणजे साडेएकतीस, ९० चा म्हणजे ४५. पुठ्ठ्यावर पाईप उभा धरून पेन्सिल फिरवायची, पाव भाग कापून काढायचा आणि तो पुठ्ठा कोपऱ्याला लावून बघायचा. उजेड दिसला नाही की तो तुमचा पाईप.

माप पट्टीच्या उंचीतच घ्या. आमच्या कोपऱ्यांची गोलाई कमरेपाशी एक आणि फरशीपाशी वेगळी, कारण मधल्या काळात फरशी बदलताना खाली कुणीतरी सिमेंट ओढलंय. सातपैकी चार कोपरे ५० च्या पायपाला बसले, एक ४० ला, एक ६३ ला, आणि पॅसेजमधला एक थेट ९० ला. तिथं पूर्वी पाण्याचा हंडा ठेवायचे, बहुतेक घासून घासून गोल झालाय.

२२ फेब्रुवारी

आज वाकवून बघितलं. पट्टीच्या पाठीमागं करवतीनं उभ्या खाचा, पुढं दोन मिमी लाकूड शिल्लक, गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं आणि ५० च्या पायपावर हळूहळू वळवली. अर्ध्यावर कडकन तुटली. दुसरीला खाचा जवळ घेतल्या, तर वळली पण पुढनं प्रत्येक खाचेपाशी कंगोरा, हाताला लागतो. जुना साग कोरडा ठणठणीत असतो, एवढ्या लहान गोलाईत तो ऐकत नाही. अडीच फूट चांगली पट्टी गेली.

चौकातल्या लेथवाल्याला पण विचारलं. तो लाकडाची नळी काढून देतो म्हणाला, चार भाग केले की चार कोपरे, नळीचे ३५० रुपये. ऐकायला भारी. पण नळी चिरताना करवत जेवढं लाकूड खाते तेवढा प्रत्येक पाव भाग ९० अंशाला कमी पडतो. आणि नळीत लाकडाच्या रेषा उभ्या येणार, पट्टीच्या आडव्या. रंग मारणार असाल तर चालेल, मला नुसतं तेल लावायचंय, तिथं कोपरा उठून दिसेल ठिगळ मारल्यासारखा. रद्द.

२३ फेब्रुवारी

तीन तुकड्यांचा कोपरा. दोन्ही भिंतींच्या पट्ट्या आणि मधे एक छोटा तुकडा, दोन सांधे, प्रत्येक सांध्यात ४५ अंश वळण म्हणजे प्रत्येक तोंड (तुकड्याचं तिरकं कापलेलं टोक) साडेबावीसचं. मधल्या तुकड्याचं माप असं निघतं: पाठीमागची लांबी त्रिज्येच्या ०.८३ पट, पुढची लांबी त्रिज्या अधिक पट्टीची जाडी ह्याच्या ०.८३ पट. माझ्या २५ च्या कोपऱ्याला पाठ २०-२१ आणि पुढं साधारण ३१ मिमी. भिंतीची गोलाई जिथं सुरू होते तिथनं बाजूच्या पट्टीची पाठ त्रिज्येच्या ०.४१ पट पुढं काढायची, म्हणजे इथं १० मिमी. सपाट कपाटाच्या फळीवर पाईपचा तुकडा ठेवून आधी पेन्सिलीनं पूर्ण आकारात काढून बघा, मग आकडे डोक्यात बसतात.

कटिंग मशीन भाड्यानं आणलं, दिवसाचे ५००. पहिला कोपरा जुळवला तर सांधे पुढनं उघडे. दुसरा, तसाच. मशीनवरचा साडेबावीसचा खटका (पातं ठरल्या कोनावर अडकतं ती खाच) एक अंश चुकीचा होता. एक अंशानं काय होतंय असं वाटतं, पण एका कोपऱ्यात चार तोंडं असतात, चार अंशाचा घोळ. कागद काटकोनात कापून दोनदा दुमडला की बरोबर साडेबावीस होतो, तो पात्याशेजारी धरल्यावर चोरी पकडली. खटक्यावर विसंबू नका, दुमडलेला कागद लावा.

आणि तो छोटा तुकडा मशीनवर कापू नका. शेवटचा काप पूर्ण झाला की पातं त्याला फेकून देतं, आमचा एक तुकडा फ्रिजवर आदळून कुठं गेला तो अजून सापडला नाही. बोट तिथं असतं तर हे कोण लिहिलं असतं. मधले तुकडे मी हातानं कापले, प्लायचा खोका करून त्याला कागदाच्या मापानं खाच मारली आणि बारीक दाताची करवत त्यातनं ओढली. एका तुकड्याला दहा मिनिटं लागतात, लागू देत.

तिन्ही तुकडे एकाच पट्टीतनं ओळीनं कापले तर लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरनं वळून पुढं जातात. मी पाठीवर पेन्सिलीनं १, २, ३ लिहूनच कापतोय.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी, म्हणून चिकटवायचं काम. कोपऱ्याचा नग भिंतीवर जुळवायचाच नाही, बाहेर जुळवायचा. फळीच्या कोपऱ्यावर ५० च्या पायपाचा तुकडा स्क्रूनं बसवला, झाला खोटा कोपरा. तिन्ही तुकडे पुढची बाजू वर करून ओळीत ठेवले, सांध्यांवर पुढनं मास्किंग टेप ताणून लावली, पालथं केलं, खाचेत दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद भरला आणि पायपाभोवती दुमडलं. टेपच क्लॅम्पचं काम करते, सांधा पुढनं घट्ट मिटतो. पांढरा गोंद वापरला नाही, पाण्यात राहिला की साधा पांढरा गोंद मऊ पडतो आणि आपल्याकडं पाणी येऊन दोन-दोन दिवस बसतं. पायपाला आधी मेणबत्ती घासा नाहीतर नग पायपासकट निघेल.

दोन्ही बाजूंचे पंख, म्हणजे नगाचे भिंतीलगतचे सरळ भाग, सहा-सहा इंच ठेवलेत. आखूड ठेवले तर स्क्रू गोलाईजवळ येतो आणि तिथलं जुनं प्लास्टर ड्रिल लावलं की भसाभस पडतं.

१ मार्च

ह्या कामातला सगळ्यात चांगला दिवस. इपॉक्सी कडक झाल्यावर नग हातात घेतला, पुढनं तीन सपाट बाजू आणि दोन कंगोरे. कानस घेऊन कंगोरे घासायला सुरुवात केली, आधी अंदाजानं, मग पुठ्ठ्याचा साचा लावून. जाडी १२ असल्यानं सांध्यावर तीनेक मिमी लाकूड उडवलं तरी मागं भरपूर राहतं. कानशीनंतर ८० चा काचपेपर, मग १२०, मग २२०, आणि काचपेपर गुंडाळायला जुन्या रबरी चपलेचा तळ, तो गोलाईवर थोडा दबतो म्हणून खड्डे पडत नाहीत. तासाभरानं कंगोरा बोटाला लागायचा बंद झाला. जे वाकवून झालं नाही, लेथवर झालं नाही, ते घासून झालं. सांध्याची रेघ जवळ नाक नेलं तरच दिसते. सुतारमामांनी नग उलटासुलटा करून बघितला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एका कोपऱ्याला एवढा टाइम घातलास तर मी उपाशी मरेन." ही शाबासकी समजायची.

वरची धार अर्धगोल करायचं काम घासून झाल्यावर करा, आधी केली तर कोपऱ्यात परत करायला लागते.

२ मार्च

उरलेले अवघड दोन. हंड्याच्या कोपऱ्याला तीन तुकडे पुरत नाहीत, मधला तुकडा लांब होऊन सपाट दिसतो आणि मागं फट पडते. तिथं मधे दोन तुकडे घेतले, तीन सांधे, प्रत्येक तोंड १५ अंशाचं, मधल्याची पाठ त्रिज्येच्या ०.५४ पट म्हणजे २४ मिमी.

स्वयंपाकघराच्या तोंडाचा कोपरा काटकोनात नाहीच, ९४ अंश भरला. वळण ८६ उरलं, चार तोंडांत वाटलं की साडेएकवीस. साडेबावीसनं कापून दाबून बसवायचा विचार आला होता, बरं झालं आधी टाकाऊ लाकडावर बघितलं, एक पंख भिंतीपासून बोटभर लांब राहत होता.

हॉलमधल्या गोल खांबाला मात्र खाचांची पद्धत चालली. खांब ३०० मिमी जाड, दीडशेची त्रिज्या, तिथं साग ऐकतो. अडीच मिमी शिल्लक ठेवून दर २० मिमीला खाच, गरम फडकं, दोरीनं आवळून रात्रभर. दोन अर्धगोल भाग केलेत म्हणजे काढता येतील.

८ मार्च

तेल. जवसाचं डबल बॉइल तेल, पाठीला, पोटाला आणि कापलेल्या टोकांना तर दोनदा जास्तीचं, लाकूड पाणी पितं ते टोकातनं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका. घरात चार दिवस वास राहिला, आईनं सगळी लोणची माडीवर हलवली.

१५ मार्च

बसवणी. ६ मिमीचं ड्रिल, प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसते आणि स्क्रू धरते ती), पितळी स्क्रू आणि खाली पितळी वायसर. लोखंडी स्क्रू सागात गंजून काळा डाग सोडतो, शिवाय पुरानंतर तो फिरतच नाही, डोकं झिजून बसतं आणि मग पट्टी फोडायची वेळ येते. पितळ महाग पडतं आणि मऊ असतं, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करून वाट मोकळी करायची आणि मग पितळी, साबण लावून.

आधी सगळे कोपरे, मग मधल्या लांब पट्ट्या. उलटं केलं तर सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यावर येऊन साठते आणि तो नग तर ठरल्या मापाचा. लांब पट्टी आणि पंख ह्यांचा सांधा तिरका कापलाय, गोंद नाही, पंख खाली आणि लांब पट्टी वरनं दाबते. म्हणजे काढताना आधी लांब पट्ट्या, मग कोपरे.

जुन्या भिंतीत विटांचा सांधा सापडला की गिट्टी गोल गोल फिरते. अशी सहा-सात भोकं निघाली. काडीला इपॉक्सी माखून भोकात कोंबायची पद्धत मामांची, दुसऱ्या दिवशी परत ड्रिल. बाजूला नवीन भोक पाडू नका, पट्टीतली भोकं आधीच ठरलेली असतात.

२२ मार्च

भिंतीच्या पोटामुळं पट्टीवर दोन ठिकाणी फट होती, तिथं पट्टीच पाठीमागनं रंध्यानं उतरवली. सिलिकॉन लावायचा मोह झाला होता. नाही लावला, सिलिकॉन लावलं की पट्टी भिंतीचा रंग घेऊनच निघते.

प्रत्येक नगाच्या पाठीवर तापलेल्या स्क्रूड्रायव्हरनं नंबर डागलाय, मार्करचा पुसला जातो. तोच नंबर भिंतीवर पट्टीच्या मागं लपेल असा. हॉल १ ते ९, पॅसेज १ ते ६, स्वयंपाकघर १ ते ४.

भाच्याला बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर देऊन काढायला लावलं, मी फक्त घड्याळ बघत बसलो. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर मिळून ५० मिनिटं, त्यात त्याचं मोबाईल बघणं धरून. आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणायचं, पोरगा पट्ट्या खोलेल, फ्रिज मीच उचलणार. परत बसवायला मात्र अडीच तास गेले, कारण एक कोपरा उलटा लावून पाहिला होता आणि पट्टी का बसत नाही ते कळेना. आता नंबरापुढं बाणपण डागलाय.

२९ मार्च

उद्या पाडवा, हत्यारं आवरली. हिशोब: चिराई, टेम्पो आणि करवतीचा दंड मिळून ३,६००. मशीनचं भाडं १,०००. पितळी स्क्रू न् वायसर २,१५०, इपॉक्सी ८४०, तेल ५२०, काचपेपर, टेप, गिट्ट्या वगैरे ६००. मामांनी खांबाला आणि बसवणीला मदत केली त्याचे २,४००. एकूण ११,११० रुपये, साधारण १०५ फुटाला. लाकूड विकत घेतलं असतं तर हा आकडा बराच वर गेला असता. वेळ सगळा कोपऱ्यांनी खाल्ला, सरळ पट्ट्या एका दिवसात झाल्या असत्या.

राहिलेलं: खांबाच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा उन्हाळ्यानं दीड मिमी उघडलाय. पावसाळ्यात मिटतो का ते बघायचं आणि नाही मिटला तर मागनं एक पट्टी मारायची. पडवीतला कोपरा (वरच्या सातांत न धरलेला) अजून उघडा आहे, त्याला ७५ चा पाईप लागेल असं पुठ्ठा सांगतोय आणि तो दाजींकडं नव्हता. खोटा कोपरा आणि पुठ्ठ्याचे साचे ठेवलेत, सांगलीत कुणाला पाहिजे असतील तर घेऊन जा, कटिंगचा खोका मात्र परत आणून द्या.